शोधायला गेलेली होडी

हौसेला मोल नसतं, असं माझी आई म्हणते. मी तिला सांगते की असतं, आणि ते मी आगाऊ घेते. एवढ्यावरून आमच्या घरात कधीकधी दोन-दोन दिवस अबोला असतो. डहाणूला निघायच्या आदल्या दिवशीही तो होताच, तरी तिने प्रवासासाठी दशम्या करून दिल्या, आणि त्या देतानाही ती बोलली नाही.

माझा धंदा काय ते आधी सांगायला हवं, कारण पहिल्या फटक्यात तो कोणालाच कळत नाही. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट मांडतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, कोणी वैद्य, कोणी चोर, कोणी घरातून पळालेली राजकन्या. ‘मी दार ढकलतो’ असं म्हटलं की दार ढकललं गेलं. ते उघडलं की नाही हे फासा ठरवतो. कागद, पेन्सिल, फासे आणि जीभ, एवढंच भांडवल. कॉलेजात असताना आणि पुढे नोकरीला लागल्यावरही आम्ही पाच जण दर रविवारी नाशिकला आमच्या गच्चीवर हा खेळ खेळायचो. आई पोहे करायची आणि आम्ही गोष्टीतल्या राक्षसांना मारायचो. मग पाचही जण पाच दिशांना गेले. मी नोकरी सोडली आणि तोच खेळ अनोळखी लोकांना, माणशी पैसे घेऊन खेळवायला लागले. आता माझं घर त्यावर चालतं.

त्या गच्चीवर आम्ही सगळ्यांनी मिळून एक किनारा रचला होता, सातखाडी नावाचा. तिथली बंदरं, भांडणं, देव, चोर, सगळं कोणा ना कोणाच्या डोक्यातून आलेलं. त्यात रेवामाय नावाची एक कोळीण होती, आमच्या केतनने आणलेली. तिच्या तोंडाला लागायची कोणाची टाप नव्हती. तिचा नवरा होडी घेऊन गेला तो परतला नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती म्हणते, शोधायला जाता का. पैसे देऊन खेळायला येणाऱ्यांनाही सातखाडीत सगळ्यात जास्त आवडते ती रेवामायच. आता पुण्याच्या एका प्रकाशकांना हा खेळ पेटीत घालून विकायचा होता. नकाशा, पत्ते, पुस्तिका आणि झाकणावर रेवामाय. बाकीच्या तिघांनी फोनवरच हो म्हणून टाकलं होतं. केतनला मात्र समोर बसून विचारावं असं मला वाटलं. आयत्या बिळावर नागोबा, असं कोणी मला म्हणू नये, हा त्यातला स्वार्थ होताच. केतनने ओळखीच्या एका चिकूच्या वाडीत मुंबईच्या पाहुण्यांसाठी माझा एक खेळही ठरवून दिला होता, म्हणजे जाण्यायेण्याचा खर्च निघत होता. धंदेवाईक माणूस मित्राला भेटायलाही फुकट जात नाही, असं आई म्हणाली असती, बोलत असती तर.

मसोली

जव्हारचा घाट उतरून खाली आलं की हवा बदलते. नाशिकला जानेवारीत सकाळी नळाला हात लावायचा तर धाडस लागतं. इथे स्वेटर चारोटीलाच पिशवीत गेला. डहाणू रोडला उतरून मी रिक्षाने केतनच्या घराच्या वाटेवर मसोलीला आले आणि फाशांची थैली त्या रिक्षातच राहिली. पंधरा वर्षं जमवलेले फासे होते ते. रिक्षा सुरतेला गेली की समुद्रात, पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशीच्या खेळाला फासे हवेच होते, म्हणून नाक्यावरच्या वह्या-खेळण्यांच्या दुकानात गेले आणि वीस बाजूंचा फासा आहे का असं विचारलं. दुकानदार काका आधी गिऱ्हाइकाशी गुजरातीत बोलत होते, ते माझ्याकडे वळून मराठीत आले. वीस बाजूंचा कशाला, सहा पुरत नाहीत का, असं त्यांनी विचारलं. मी खेळ समजावून सांगितला. त्यांनी तो शांतपणे ऐकला आणि एकच प्रश्न केला, की यात लोक पैसे देतात का. हो म्हटल्यावर त्यांनी ल्युडोचे फासे काउंटरवर ठेवले खरे, पण आवाज खाली आणून म्हणाले की बेन, आमच्या नाक्यावर नका बसू, पोलीस येतात. पैसे आणि फासे एकत्र आले म्हणजे जुगार, हा हिशोब त्यांच्यापुरता चोख होता. मी हसले, पण ते बोलणं मनात रुतून बसलं. जुगारात निदान देणाऱ्याला काही परत मिळायची आशा असते.

केतन डहाणू गावात खाडीजवळ राहतो, आईबरोबर. तो तलासरीच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. त्याच्या आईला, जमनामावशींना, मी पहिल्यांदाच भेटत होते. बारीक अंगाची, दिवसभर पाण्यात काम केलेल्या हातांची बाई. ओट्यावर बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते, दोन-दोनांचे जबडे एकमेकांत अडकवून टांगलेले. मला आमच्या गच्चीवरच्या कुरडया आठवल्या. वासाचा भाग सोडला तर राखणीची पद्धत तीच, म्हणजे कावळ्यांना शिव्या. भिंतीवर केतनच्या वडिलांचा हार घातलेला फोटो होता. ते त्याच्या लहानपणीच गेले हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कसे, ते कोणी विचारलं नव्हतं.

मावशींनी तांदळाच्या भाकरी, कोलंबीचं कालवण आणि सुक्या बोंबलाची चटणी वाढली. आमच्याकडे पाहुण्याला ‘अजून घ्या’ म्हणतात आणि पाहुणा ‘नको’ म्हणतो. इथे विचारत नाहीत, वाढतात. जेवता जेवता मी केतनकडे विषय काढला. पेटी, झाकण, रेवामाय, त्याचं नाव छापायचं, त्याचा वाटा. त्याने माझं बोलणं पुरं होऊही दिलं नाही. “विचारायचं काय त्यात,” असं म्हणाला आणि मावशींकडे भाकरी मागितली. इतकं सोपं झालेलं बघून मला हायसं वाटलं. कोलंबीचं डोकं कसं चोखायचं हे मग त्याने मला शिकवलं, आणि माझ्या कुर्त्याचं पुढचं सगळं वाटोळं झालं.

कैनाडच्या वाटेवरची वाडी

दुसऱ्या दिवशी शनिवार. केतनला शाळेत प्रात्यक्षिकं होती, म्हणून तो सकाळीच गेला. वाडीतल्या पाहुण्यांचं जेवण करायला मावशींनाच बोलावलं होतं, तेव्हा मासळीच्या टोपल्या आणि मी एकाच टेम्पोतून निघालो. वाटेत मावशींनी मला विचारलं की तू तिथं नेमकं करते काय. गोष्ट सांगते, म्हटलं. कीर्तन काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तसंच, फक्त यात श्रोते मध्ये मध्ये बोलतात. मग बरं, म्हणाल्या, कीर्तनात झोप येते.

चिकूची झाडं बघून माणूस शांत होतो. खाली पडलेली सावली इतकी दाट की जमिनीवर ओल असल्यासारखं वाटतं. लांब काठीला जाळी लावून दोघी बाया फळं उतरवत होत्या आणि हात लावू न देता मला चिकूच्या जाती सांगत होत्या. पाहुणे मुंबईच्या एका ऑफिसातले सहा जण. कामाने पिचलेली, चांगली मुलं. पैसे घेतले की येणारी एक अडचण इथे सांगून टाकते. गच्चीवर कोणी मूर्खपणा केला तर त्याचा वैद्य मरायचा आणि आम्ही पोहे खाऊन त्याला खांदा द्यायचो. पैसे दिलेल्या माणसाला मारताना हात कचरतो. फासा वाईट पडला की मी पदरचं काहीतरी घालून त्याला वाचवते. याला फसवणूक म्हणायचं की पाहुणचार, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

चहा झाल्यावर आम्ही पडवीत बसलो. ल्युडोचे फासे तीन तीन टाकून मी काम भागवलं. मावशी मासे साफ करून, हात पुसत, खांबाला टेकून ऐकायला बसल्या. आणि रेवामाय आली. केतनने जशी आम्हाला ऐकवली होती तशीच मी ती वर्षानुवर्षं बोलत आले आहे, तेच हेल, तेच कमरेवर हात. मावशींनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या. शेवटी राहवेना तेव्हा शेजारी बसलेल्या वाडीच्या मालकीणबाईंना म्हणाल्या, “ही माझ्यासारखीच बोलते.” तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं की केतनने रेवामाय कुठून आणली होती. पण मी थांबले नाही. उलट मला चेव चढला. समोर प्रत्यक्ष ती बाई बसली आहे आणि हसते आहे, यापेक्षा मोठी दाद कोणती.

रेवामायने पाहुण्यांना नवऱ्याच्या होडीचं सांगितलं. शोधायला जाता का, असं विचारलं. तेव्हा त्यांच्यातला एक मुलगा, गोष्टीत तो तलवारबहाद्दर होता, पुढे वाकून म्हणाला, “शोधून आणला तर काय देणार?”

यात काही वावगं नाही. हा खेळ खेळणारे सगळेच हे विचारतात. मोहीम म्हटली की इनाम आलंच. मी रेवामाय होऊन भाव करायला बसले. एक पाटी पापलेट देते म्हटलं. तो म्हणाला पापलेट नको, सोनं. मी म्हटलं, जिवंत आणलास तर एक दर आणि नुसतं वल्हं आणलंस तर निम्मा. पडवी हसून लोटपोट झाली. माझ्या सगळ्या खेळांत ही जागा अशीच रंगते, आणि शेवटी ते नुसतं वल्हं घेऊनच परत येतात, आणि हसणारेच डोळे पुसतात. तेच लोक पुढच्या वेळी आणखी चार जण घेऊन येतात.

मी मान वर केली तेव्हा खांबाजवळ कोणी नव्हतं. मावशी चुलीपाशी गेल्या होत्या. रात्रीच्या जेवणात त्यांनी मला सगळ्यात मोठं पापलेट वाढलं आणि परतीच्या वाटेवर टेम्पोत एक शब्द बोलल्या नाहीत. अबोला मला घरून ओळखीचा आहे. हा त्यातला नव्हता.

मासळी बाजार

रविवारी सकाळी मी त्यांच्याबरोबर बाजारात गेले. मी येते म्हटलं, त्या नको म्हणाल्या नाहीत. पाटीमागे बसल्याबरोबर त्या वेगळ्याच झाल्या. घरात हळू बोलणारी बाई इथे दोन भाषांतून एकदम गरजत होती. एका पारशी बाईंना “ताजा छे, जो ने” करून सुरमई दाखवली, एका भाऊसाहेबांना मराठीत त्यांच्या सासूवरून चिडवलं आणि दोघांच्याही गळ्यात पहिल्याच भावाने मासळी मारली. ही माझी रेवामाय होती, नखशिखान्त.

गर्दी ओसरल्यावर मी बर्फाच्या खोक्यावर बसले आणि म्हटलं, मावशी, काल काही चुकलं का माझं. त्यांनी सुरी पाण्यात बुडवून पुसली.

“त्या पोरानं विचारलं ना, काय देणार म्हणून,” त्या म्हणाल्या. “तसं कोण विचारत नाय.”

मग त्यांनी सांगितलं. केतन सहावीत असताना त्याच्या वडिलांची होडी परतली नाही. दुसऱ्या दिवशी पाड्यातली एकही होडी मासेमारीला गेली नाही. सगळ्या शोधायला गेल्या. शेजारच्या गावांच्याही गेल्या. डिझेल ज्याचं त्याने घातलं. कोणी उत्तरेला गुजरातच्या बाजूने गेलं, कोणी खोल पाण्यात. शोधायला गेलेली होडी जाळं टाकत नाही, असा त्यांच्यात रिवाज आहे. समोर घोळ मासळी उसळत असली तरी टाकायचं नाही. घोळीच्या एका खेपेत माणसाचं कर्ज फिटतं, आणि त्या दिवसांत ती दिसली होती म्हणे, दोन होड्यांना. कोणी हात लावला नाही. रिकाम्या होड्या गेल्या, रिकाम्या आल्या. दारात येऊन उभे राहिले ते लोक चहासुद्धा न घेता गेले.

हे सगळं त्यांनी बाजाराच्या आवाजात नाही, घरच्या आवाजात सांगितलं. मला बसल्या जागी मेल्यासारखं झालं. केतनने आम्हाला कधीही, एका शब्दाने सांगितलं नव्हतं. त्याने ती होडी गोष्ट म्हणून आणली आणि आम्ही गोष्ट म्हणून घेतली.

मी म्हटलं, मावशी, मी रेवामायला काढूनच टाकते.

“कशाला?” त्या म्हणाल्या. “आवाज घे माझा. मी रोज विकतेच की तो, हितं बसून. तुझं पण पोट आहे. पण ती होडी नको विकू. तिला शोधायला पैसेवाली माणसं नको पाठवू.”

इतक्यात गिऱ्हाईक आलं आणि त्या पुन्हा गरजायला लागल्या.

मी खाडीच्या कडेने बराच वेळ चालत राहिले. पहिला विचार धंद्याचाच आला, तो लपवत नाही. इनाम काढून टाकू, नियमच करू की या मोहिमेत कोणी काही मागायचं नाही, आणि पेटी आहे तशी जाऊ दे. पण ती वरवरची मलमपट्टी झाली असती. तलवारबहाद्दराने सोनं मागितलं नसतं तरी त्या पडवीत बसायचे पैसे त्याने दिलेच होते, आणि ते मी घेतले होते. शोधायला निघालेल्या होडीतून जाळं टाकत होते ती मीच. आई म्हणते तसं हौसेचे पैसे घेणं वाईट, हे मला आजही पटत नाही. मावशी आवाज विकतात, मी गोष्ट विकते. मेहनत आहे, मोल आहे. पण टेबलावर येणारी प्रत्येक गोष्ट विकायला आलेली नसते. काही नुसती ठेवायला आलेली असते, चार माणसांत, आणि ती कोणती हे गोष्टीकडे बघून कळत नाही.

(हे लिहू का, असं मी मावशींना नंतर फोनवर विचारलं. पुरं वाचून दाखवलं. लिही, म्हणाल्या, होड्या कशा जातात ते लोकांना कळू दे.)

तलासरी

सोमवारी केतनच्या मोटारसायकलवर मागे बसून तलासरीला गेले. तिथूनच मला पुढची गाडी पकडायची होती. समुद्र मागे राहिला की लगेच ताड आणि उतारावरची भाताची कापलेली खाचरं सुरू होतात. हमरस्त्यावर अर्ध्या गाड्या गुजरातच्या. मधल्या सुट्टीत केतन मला रस्त्याकडेच्या एका टपरीवर घेऊन गेला. उंबाडियू खायला, थंडीतच मिळतं. मडक्यात कंद, पापडी आणि रताळी भरून मडकं पालथं घालतात आणि भोवती आग करतात. पोपटीच्या जवळचं, पण वर हिरवी चटणी आणि ताक. मी पहिला घास गरम गरम तोंडात टाकून जीभ भाजून घेतली, त्यामुळे पुढचं सगळं मी थोडं बोबडंच बोलले.

मी त्याला बाजारातलं सांगितलं. तो कंद सोलत राहिला.

“मग परवा मला हो का म्हणालास?” मी विचारलं.

“नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं,” तो म्हणाला.

मला त्याचा राग आला. इतक्या वर्षांची मैत्री, आणि कारण सांगायला नको म्हणून वडिलांची होडी देऊन टाकायची. मी त्याला तसं म्हटलं. तो हसला. मग म्हणाला की ते दिवस त्याने वाणगावला मामाकडे काढले. होड्या शोधायला निघाल्या त्याच सकाळी त्याला तिकडे पाठवलं, लहान म्हणून. त्याला होड्यांबरोबर जायचं होतं, कोणी नेलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी आमच्या गच्चीवर गोष्टीतली माणसं होऊन कुठेही जाता येतं हे कळलं, तेव्हा एका रविवारी त्याने रेवामायला आणलं.

“आठवतं तुला, तेव्हा काय झालं?”

मला आठवत नव्हतं. इतक्या गोष्टी, इतके रविवार.

“तुम्ही चौघं उठलात आणि निघालात,” तो म्हणाला. “आपल्यातल्या सचिनने गोष्टीतला त्याचा घोडा विकून होडी घेतली. कितीतरी रविवार आपण तेच करत होतो. मी वाट बघत होतो की आता कोणीतरी विचारेल, काय देणार म्हणून. कोणी विचारलं नाही.”

शाळेची घंटा झाली. त्याने हात धुतले, माझी पिशवी टपरीवाल्याजवळ ठेवायला सांगितली आणि वर्गावर गेला.

मी तिथूनच पुण्याला फोन लावला. रेवामाय राहील, तिच्या नवऱ्याची मोहीम पेटीत असणार नाही, असं सांगितलं. प्रकाशक म्हणाले, अहो, तीच तर सगळ्यात चालते. मग त्यांनी विचारलं की तुमचा मित्र जास्त मागतोय का.

नाही, मी म्हटलं, त्याने काहीच मागितलं नाही. आम्हीही मागितलं नव्हतं.